पाण्याला नावं ठेवणाऱ्या मावशी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी कारकून म्हणून तिथे बदलून गेलो आणि त्याच उन्हाळ्यात गल्लीत पाण्याचा टँकर सुरू झाला. शेजारच्या मावशी डोक्यावर भरली घागर घेऊन, थेंबही न सांडता, माझ्यामागून चालत आणि माझ्या बादलीतल्या पाण्याला नावं ठेवत. पाणी जरासं थरथरलं की "शिरशिरलं", काठाशी आलं की "हिंदकळलं", आणि पायावर सांडलं की "डचमळलं! गेलं बगा, सायब." मी दिवसभर कागद लिहिणारा माणूस, पण माझ्याकडे आपला "हललं" एवढा एकच शब्द होता.

एकदा नेमकी माझी पाळी आली आणि टँकर संपला. घरी बायको तापाने फणफणली होती. मावशींनी काही न विचारता आपली अर्धी घागर माझ्या बादलीत ओतली आणि उरलेली डोक्यावर घेतली. अर्ध्या घागरीतलं पाणी जास्तच उसळतं. दहा पावलांत त्यांचा पदर भिजला.

मी ओशाळून म्हणालो, "मावशी, तुमचं पाणी डचमळतंय."

"न्हाई वो," त्या हसल्या, "नाचायलंय ते."