दोन्ही हातांचा फोन

मोबाईल सुरू करताना घसा खाकरून सदऱ्याची वरची गुंडी लावणारा माणूस अख्ख्या भवानी पेठेत एकच होता, आणि तो आमच्या समोर राहायचा. चादरींवरची नक्षी काढण्यात हयात घालवलेल्या या काकांनी खिशात फोन कधी बाळगला नाही. "गळ्यात घंटा बांधून फिरायला मी काय मेंढरू हाय व्हय, मास्तर?" असं मला विचारायचे. पण हुबळीला दिलेली त्यांची मुलगी जन्मापासून ऐकत नाही. ती खुणांनी बोलते, आणि त्या घरगुती खुणा पुरत्या कळायच्या त्या बाप-लेकीलाच. दर रविवारी पाचला ती ज्या ॲपवर दिसायची, ते मोबाईलवरच चालायचं. मी म्हणालो, फोन घ्या. काका म्हणाले, "एक हात फोन धरण्यात गेला, तर मी पोरीशी अर्धंच बोलणार की!" मग स्टँड घ्या, म्हणालो. "तेवढ्याशा काचेत तिची बोटं मला कुटं दिसत्यात?"

म्हणून नक्षी काढायच्या त्यांच्या जुन्या संगणकाला कॅमेरा जोडून त्यातच आम्ही एक मोबाईल उभा केला. एमुलेटर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, की मोठ्या पडद्यावर हुबेहूब फोन चालू होतो. कोणता हवा, अशी यादी आली तेव्हा काकांनी सगळ्यांत भारी मॉडेलवर बोट ठेवलं. "फुकटात मिळतोय तर गरिबासारखा कशाला?" त्या श्रीमंतीने संगणक अर्धा तास गोठला. मग लहानसं जुनं मॉडेल घेतलं. तेही उठायला वीस मिनिटं लावायचं; काका साडेचारलाच बटण दाबून चहा टाकायचे. त्या फोनची बॅटरी कायम शंभर टक्के दाखवायची, आणि त्याचं श्रेय ते स्वतःच्या जपून वापरण्याला द्यायचे. कधी चुकीचं बटण दाबून फोन आडवा झाला, तर मान खांद्यावर टाकून तसेच बोलत राहायचे.

संगणकातला हा फोन अडला, की ते त्यातलं सगळं सरळ पुसून तो नवा करत. मग ॲप पुन्हा कोड मागायचं; खातं माझ्या नंबरावर होतं, त्यामुळे तो माझ्या मोबाईलवर यायचा. "मास्तर, आला का?" अशी गॅलरीतून हाक यायची. मी सहा आकडे ओरडून सांगायचो. "लई बारीक आवाज तुमचा!" मग खालचा इस्त्रीवाला तेच आकडे खणखणीत म्हणायचा.

गेल्या महिन्यात काका गेले. दिवसकार्याला आलेल्या मुलीने निघताना माझ्या मोबाईलकडे बोट दाखवलं, मग पाच बोटं वर केली. मी ते ॲप माझ्या फोनवर घेतलं. कोड आला. समोरून कुणी विचारलं नाही, तरी मी तो गॅलरीत जाऊन मोठ्याने वाचला. खालून इस्त्रीवाल्याने तो सावकाश परत म्हटला.

रविवारी पाचला ती दिसली. मला तिच्या तीनच खुणा येतात. त्यातली एक चहाची. मी फोन तांब्याला टेकवला, वरची गुंडी लावली आणि दोन्ही हात मोकळे केले.