बॉयलरची पूजा आणि आमची संमती

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये बॉयलरवर होते. कोळसा ओढायचा, भट्टीत टाकायचा, राख काढायची. घरी येऊन तोंड धुतलं की पाणी काळं व्हायचं. मी नवागामच्या शाळेत शिकवते. कोळशाची बाजू घेणाऱ्यांतली मी नव्हे. आप्पांचा खोकला भिंतीपलीकडून मीच ऐकत आलेय.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा असते. त्या वर्षीही आप्पांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बॉयलर पुसला, झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. शेठ चक्क फोटोवाला घेऊन आले. सगळ्यांना केवढं अप्रूप! हातात पेढे, तोंडभर हसू.

"ह्या वरीसले शेठनी आमनी आठवन ठेई," आप्पा घरी येऊन म्हणाले.

दिवाळीत मिल बंद, सगळे गावी धुळ्याकडे. परतलो तर मिल गॅसवर सुरू झालेली आणि कोळशावरच्या माणसांना फाटकातूनच माघारी धाडलेलं. मिल म्हणे ही ठेकेदाराची माणसं. ठेकेदार म्हणे मिलला विचारा. आमचे आप्पा मधल्या मधे लटकले.

पुढे सचिनलाच स्वच्छ उद्योगांचा एक कार्यक्रम झाला. शिक्षकांना आमंत्रण होतं. निदान शेठ तरी भेटतील म्हणून मी आप्पांना सोबत नेलं. एक साहेब माइकवर बोलत होते आणि मागे पडद्यावर तो फोटो आला: हार घातलेला बॉयलर, पुढे हसणारे आप्पा. साहेब म्हणाले, कामगारांना विश्वासात घेऊनच हा बदल केला, बघा, किती आनंदाने त्यांनी कोळशाला निरोप दिला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पूजेला जोडलेले हात यांनी परस्पर संमती म्हणून खपवले! मी काही बोलणार, तोवर आप्पाच उठले.

"ती दसराची पूजा व्हती. आमले कोनी इचारं नही!"

साहेबांना ते कळलं नाही. मी हिंदीत सांगितलं. ते समजुतीने हसले. "काका, कोयला वापस चाहिए क्या?"

सभागृहात खसखस पिकली. आप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि मग त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "कोयला नहीं चाहिए, साहेब. उसका धुआं तो मैंने ही खाया. अब अच्छा दिन आया, तो मेरेकोच बाहर?"

कोणीतरी माइक घेऊन जाहीर केलं की चहा तयार आहे. खुर्च्या सरकल्या. शेठ मागच्या दाराने कधी गेले ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा डबा घेऊन निघाले. कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, अजून कोळशावर चालणाऱ्या मिल आहेत, तिथे बघतो. वर्गात धुराचे तोटे शिकवणारी मी दारात उभी राहिले, आणि एखादी तरी मिळू दे, म्हणून मनोमन देवाला साकडं घातलं.