विसरलेला डबा

देवावर विश्वास आहे का, असं कुणी मला विचारलं असतं तर मी जरा रागानंच हो म्हटलं असतं. रोज सकाळी गणपतीपुढे दिवा लागत होता, अथर्वशीर्ष पाठ होतं, संकष्टी कधी मोडली नव्हती. पण आज शांतपणे मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, लेकीच्या बाबतीत मी देवावर काडीचंही सोपवलेलं नव्हतं. तिचं खाणं, तिचा डबा, तिची औषधं, तिचं कुठे जाणं, सगळं माझ्या हातात होतं. देवाला मी फक्त महिन्यातून एकदा, चतुर्थीला, सगळं ठीक चाललंय असं कळवत असे.

त्याला कारणही तसंच होतं. आम्ही मूळचे सांगलीकडचे. दाण्याचं कूट नसलेली भाजी म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याचं जेवण. समीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सरकारी कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही बंगळूरला आलो, के. आर. पुरमला घर घेतलं, पण कुटाची बरणी आमच्याबरोबर आलीच. ओवी दोन वर्षांची असताना संक्रांतीला तिनं चिक्कीचा एवढासा तुकडा खाल्ला आणि पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं. डॉक्टर म्हणाले, शेंगदाणा हिच्या आयुष्यातून काढून टाका, पुढच्या वेळी याहून जोरात होऊ शकेल. सासूबाईंना हा घराण्याचा अपमान वाटला. आमची तीन पोरं दाण्यांवरच वाढली, असं त्या अजूनही फोनवर ऐकवतात. मी मात्र त्या दिवशी बरणी रिकामी केली आणि एक नियम घातला. बाहेरचं काहीही असो, आधी मी चाखणार, मग ओवी खाणार. कुटाची चव माझ्या जिभेला झोपेतसुद्धा कळते, तेवढा मला सांगलीचा भरवसा होता. त्याच आठवड्यात गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलले. निर्जळी नाही, पण चंद्रोदयापर्यंत अन्नाचा कण तोंडात घ्यायचा नाही, फक्त उपासाचं.

एकविसावी संकष्टी शनिवारी आली. आमच्या मराठी मंडळातल्या तीन कुटुंबांनी मुलांना घेऊन होसकोटेच्या पुढे एका शेतघरात दोन दिवस राहायचं ठरवलं होतं. माझ्याशिवाय कुणाचाच उपास नव्हता, तरी माझ्यासाठी त्यांनीही उपासाची खिचडी केली, आणि तीही ओल्या नारळाची. मी प्रत्येकीला दोनदा फोन करून विचारलं होतं. मंडळात मला फूड इन्स्पेक्टर म्हणतात, ते उगीच नाही. टेंपो ट्रॅव्हलरमध्ये बसल्यावरही मी सगळे डबे उघडून हुंगले. त्यावरून मुलांनीसुद्धा माझी नक्कल केली आणि मी हसले. मनात मात्र आपण कसं सगळं चोख बजावतो याचा अभिमानच होता.

शेतघराच्या अलीकडे तळ्याच्या काठी एक जुनं गणपतीचं देऊळ आहे. तिथे एकवीस आवर्तनं करून माझा नवस पुरा करायचा होता. त्याला वेळ लागणार म्हणून बाकीचे सामान ठेवायला पुढे गेले. समीरही गेला, कारण शेतघराचं बुकिंग त्याच्या नावावर होतं. तासाभरात गाडी आम्हाला न्यायला येणार होती. ओवी माझ्याजवळ राहिली. देवळात एक कुटुंब जावळाचा कार्यक्रम उरकून निघण्याच्या तयारीत होतं. ते निघून गेलं आणि सगळीकडे इतकं शांत झालं की तळ्यातल्या बदकांचा आवाज ऐकू येऊ लागला. माझी आवर्तनं संपली तेव्हा पुजाऱ्यांनी ओवीसमोर केळीच्या पानावर पुळियोगरे ठेवला होता, म्हणजे चिंचेच्या कोळातला मसाल्याचा भात. ओवी भुकेली होती. मी पान हातात घेतलं, बोटांनी भात मोकळा करून पाहिला. हरभऱ्याची डाळ होती, कढीपत्ता होता, मोहरी होती. दाणा एकही नव्हता. चाखायला मी हात तोंडाकडे नेला आणि थांबले. भात होता तो. एकविसावी संकष्टी होती, शेवटचे काही तास राहिले होते. एवढ्याशा घासानं लेकीसाठी केलेला नवस लेकीसाठीच मोडायचा का, असं मनात आलं. शिवाय प्रसाद होता. मी पान ओवीपुढे ठेवलं.

भाजलेले दाणे मसाल्यातच बारीक वाटलेले होते. यात दोष कुणाचाच नव्हता. पुजाऱ्यांना काही माहीत नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. चार-पाच घास झाल्यावर ओवी घसा खाजवायला लागली. मग खोकला सुरू झाला. तिचे ओठ फुगायला लागले. पर्समधलं औषध मी तिला पाजलं, ते तिनं उलटून टाकलं. समीरला फोन लावला. तो निघतो म्हणाला, पण कच्च्या रस्त्यानं यायला वीस मिनिटं तरी लागणार होती. रस्त्यावर ना रिक्षा ना माणूस. पुजारी धावत फाटकापर्यंत जाऊन आले. ओवीचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी तिला उचलून गाभाऱ्यासमोर उभी होते आणि मला एक शब्दही सुचत नव्हता. अथर्वशीर्ष नाही, नाव नाही, काही नाही. एवढंच आठवतं की मी मूर्तीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, मला जमत नाहीये. आता तू बघ. पावणेदोन वर्षांत मी त्याला असं पहिल्यांदाच म्हणत होते.

फाटकाशी एक व्हॅन येऊन थांबली आणि तिच्यातून पासष्टीच्या एक बाई उतरल्या. मघाशी जावळासाठी आलेल्या कुटुंबातल्या त्या होत्या. पायरीवर विसरलेला स्टीलचा डबा न्यायला परत आल्या होत्या. त्यांनी डबा उचलला, ओवीकडे पाहिलं आणि तिचं "आई, घसा, आई" हे ऐकून माझ्याकडे वळल्या.

"मराठी की गं तुम्ही? रडू नको. गाडीत बस पहिलं. बाजूच्या गावात डॉक्टर आहेत."

मी ओवीला घेऊन गाडीत बसले. त्यांचा मोठा मुलगा अण्णा गाडी चालवत होता. मागच्या सीटवर त्यांची सून जावळ काढलेल्या बाळाला घेऊन बसली होती. तिनं सरकून जागा दिली. वाटेत ओवीला पुन्हा उलटी झाली तेव्हा त्या बाईंनी हातातल्या डब्याचं झाकण काढलं आणि तो तिच्या तोंडाखाली धरला. एका हातानं त्या तिची पाठ चोळत होत्या आणि मुलाला सांगत होत्या, "अण्णा, घाई कर, पण खड्ड्यातनं नको." मी त्यांना अक्का म्हणू लागले, तो शब्द तोंडात कसा आला ते आठवत नाही. दहा-बारा मिनिटांत आम्ही एका छोट्या नर्सिंग होमच्या दारात होतो. तिथल्या डॉक्टर बाईंनी ओवीला पाहताच मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. थोड्या वेळानं तो शिट्टीसारखा आवाज कमी झाला. ओवीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि आपली एक चप्पल कुठाय म्हणून विचारलं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि खूप रडले.

समीर आणि बाकीचे येईपर्यंत अक्का थांबल्या. व्हॅनमध्ये बाळ रडत होतं, म्हणून मग निघाल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. त्यांचं नाव, पत्ता, फोन नंबर, काहीही मी विचारलं नाही. दुनियेच्या याद्या करणारी मी. दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीला घरी सोडलं. त्या संकष्टीचा चंद्र कधी उगवला, मी उपास सोडला की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर सगळे म्हणाले, देवानंच वाचवलं. मला ते ऐकवत नव्हतं. मी गणपतीवर रागावले होते. ज्या उपासापायी मी घास चाखला नाही, तो उपास त्याचाच होता. एकवीस महिने ज्याच्यासाठी उपाशी राहिले, त्यानं शेवटच्या दिवशी माझी अशी परीक्षा का घ्यावी, हे मला कळत नव्हतं. दिवा लावत होते, पण तो लाइटचं बिल भरावं तसा. समीर एकदाच म्हणाला, "तू त्याच्यावर एवढी चिडतेस म्हणजे तो आहे, हे तरी तुला पक्कं वाटतंय." त्याचा स्वतःचा देवावर फारसा विश्वास नाही. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

सामानाची बॅग रिकामी करताना तळाशी तो डबा निघाला. नर्सिंग होममध्ये कुणीतरी धुऊन आमच्या पिशवीत ठेवला असावा. त्याच्या बुडाशी कानडीत काहीतरी कोरलेलं होतं, लग्नात भांडी देताना कोरतात तसं. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनी वाचून दाखवलं. एक नाव, पुढे टेलर, शिवाजीनगर, म्हणजे आमच्या बंगळूरचंच. एवढंच. मी डबा ओट्यावर ठेवला. येता-जाता तो दिसायचा. अक्का ज्याच्यासाठी परत फिरल्या, तोच त्यांना मिळाला नव्हता.

दोन महिन्यांनी एका रविवारी आम्ही तिघं शिवाजीनगरला गेलो. डबा रिकामा द्यायचा नसतो, म्हणून त्यात नारळाच्या वड्या भरल्या. तो दिवस संकष्टीचा होता. नवस संपला होता, मी रुसलेली होते, तरी सकाळी उठून सवयीनं उपास धरलाच होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत गेलो तर तिसऱ्याच दुकानात शिलाई मशीनवर तो व्हॅनवाला मुलगा बसलेला. दुकानाच्या वर घर होतं. अक्का जिन्यातच भेटल्या. ओवीला त्यांनी कडेवर घेतलं आणि खाली ठेवायलाच तयार होईनात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं. घरात मराठी, बाहेर कानडी. डब्यातल्या वड्या पाहून त्या हसल्या आणि मग म्हणाल्या,

"खरं सांगू का? असे वीस डबे आहेत माझ्या घरी. होसकोटे ओलांडलं होतं आम्ही. मुलगा म्हणाला, जाऊ दे अम्मा. सून म्हणाली, जाऊ दे. माझंबी तेच मत. पण मन स्वल्पसुद्धा ऐकेना. परत चल, परत चल, एवढंच. डब्यासाठी मी कधी असं केलं नाही."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओवीसाठी ताटलीत चित्रान्न घेऊन आल्या. लिंबाचा पिवळा भात. समीरनं आदल्या दिवशी इंटरनेटवर दुकानाचा नंबर शोधून फोन केला होता आणि ओवीला दाणे चालत नाहीत हे सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. अक्का म्हणाल्या, "शेंगा नसलेलं चित्रान्न मी जन्मात पहिल्यांदा केलं. काल घरातल्या सगळ्या शेंगा शेजारी देऊन टाकल्या. कढईबी घासली."

ओवीनं हात पुढे केला. मी तिचा हात धरला. अक्कांवर माझा विश्वास नव्हता असं मुळीच नाही. पण माझा नियम होता. आणि पुन्हा भात होता, पुन्हा संकष्टी होती. समोरच्या भिंतीवर अक्कांच्या गणपतीची तसबीर होती, ताज्या शेवंतीचा हार घातलेली. मी त्याच्याकडे पाहिलं. मनात ना राग आला ना भीती. दोन महिने ज्याच्याशी भांडत होते, त्यानं माझ्याकडे उपास कधी मागितलाच नव्हता. तो मीच त्याच्या गळ्यात घातला होता, आणि मग त्याच्याच धाकानं माझ्या लेकीचा घास चाखायचा सोडला होता. मी चिमूटभर भात घेतला आणि तोंडात टाकला. लिंबू, मोहरी, ओला नारळ. कूट नव्हतं. मग पहिला घास ओवीला भरवला.

"आज माझा उपास होता, अक्का," मी म्हटलं.

अक्कांनी माझ्यासाठी दुसरी ताटली पुढे सरकवली. "सरी, बरं. आता बसून नीट खा. अर्ध्या घासानं देवाचं पोट भरत नाही."

मी पोटभर जेवले. इतक्या महिन्यांत असं निवांत जेवल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला हात जोडले आणि उपास मोडल्याचं गणपतीला सांगून टाकलं. माफी मागितली नाही, तशी गरज वाटली नाही. त्याऐवजी त्याला म्हटलं, त्या दिवशी अक्कांना परत पाठवलंस, मी आभार मानायचेच विसरले होते. आजही मी ओवीच्या प्रत्येक घासाआधी चाखते, संकष्टी असो वा नसो. दोन डॉक्टरांकडून शिकून इंजेक्शनही जवळ ठेवते. काळजी सोडलेली नाही. फक्त ती सगळी माझ्या एकटीच्या अंगावर आहे हा ताठा गेला, आणि तो गेल्यावर रात्री झोप चांगली लागते.

निघताना अक्कांनी तो डबा परत माझ्या हातात दिला होता. रिकामा कसा देऊ, म्हणून त्यात रव्याचे लाडू भरून. मग महिन्यानं मी तो साटोऱ्या भरून नेला, त्यांनी शंकरपाळे घालून पाठवला. आत्ता हे लिहिताना तो ओट्यावर आहे, त्यात गूळपोळ्या आहेत, तिळाच्या, आणि उद्या शिवाजीनगरला जायचं आहे. ओवीनं सकाळी मला विचारलं, आई, हा डबा आपला की अक्काआजीचा? मी तिच्यासमोर त्यात आणखी एक गूळपोळी ठेवली आणि झाकण लावलं.