ठमीचा अंगठा

१९६४ साली मी बेटेगावात शिकवत होतो. माझ्या खोलीला लागूनच विश्राम आणि ठमी हे नवरा-बायको राहायचे. गावातली चार ख्रिस्ती घरं रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर प्रार्थनेला जमत. मधल्या कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. पाच-सहा रविवारांनंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळ्यांत खणखणीत आवाज ठमीचा. पण देवाच्या मनासारखं होवो, अशा अर्थाची जी ओळ त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत आहे, तिथे तो नेमका गळायचा. पुढच्या ओळीला पुन्हा हजर!

एकदा ती शेवळांच्या रानभाजीची जुडी घेऊन दारी आली, तेव्हा मी विचारलंच.

"भिंतीला कान लावता व्हय, मास्तर?" ती हसली. मग उंबऱ्याशी बसून म्हणाली, "माज्या सासऱ्यानं न वाचता कागदावर आंगठा दिला. मालकानं शेतच घेतलं. आता या वरच्या मालकाला मी सोताहून म्हणू, तुज्या मनासारकं कर? ते नाय जमत. बाकी सगली प्रार्थना म्हणते."

"तू गाळतेस हे देवाला कळत नसेल का?"

"कळतं ना. म्हणून तर खोटं नाय बोलत."

विश्राम खाणीवर खडी फोडायचा. कपची उडून त्याचा डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला होता. त्या दिवाळीनंतर उजव्यालाही कपची लागली आणि दिसेनासं झालं. मिशनच्या दवाखान्यात जाताना कागद वाचायला म्हणून ठमीने मला बरोबर नेलं.

डॉक्टर म्हणाले, आजच ऑपरेशन केलं तर आशा आहे, पण घरच्यांचा अंगठा हवा. मी कागद वाचून दाखवला : काही बरंवाईट झाल्यास आमची तक्रार नाही. ठमीने हात पदराखाली घेतला.

"डोला येईल ना?"

"मी माझं सगळं करीन, बाई. पुढचं माझ्या हातात नाही."

बाकावरून विश्राम म्हणाला, "दे गं आंगठा. डाव्या डोल्याच्या येळी तू कुटं दिला व्हता? तरी गेलाच ना?"

"तेच तं!"

"गेला, पण देव नाय गेला. दोन वरसं एका डोल्यानं खडी फोडली. एक दिस तरी उपाशी निजलो का?"

तिने पदराखालचा हात बाहेर काढला. मग तिथेच, शाईच्या पॅडसमोर, तिने प्रार्थना सुरू केली. त्या ओळीशी थांबली. मला वाटलं, इथेही गाळणार. तिने ओळ म्हटली, अनोळखी वाटेवर पाऊल टाकावं तशी, एकेक शब्द. आमेन म्हणून अंगठा पुढे केला.

आठव्या दिवशी पट्टी सुटली. विश्रामला खिडकीचे गज दिसले, ठमीचा आकार दिसला. चेहरा नाही.

"लुगडं हिरवं हाय का लाल?" त्याने विचारलं.

"हिरवं. लाल फाटलं."

"मंग तूच."

डॉक्टर म्हणाले, यापेक्षा जास्त दिसणार नाही. खडी फोडणं संपलं.

पुढच्या रविवारी मी, कबूल करतो, भिंतीजवळच बसलो होतो. एवढंच पदरात पडल्यावर ती काय करते, हे मला कळायचं होतं. ती ओळ आली. सगळे म्हणून पुढे गेले; त्यांच्या एक शब्द मागे ठमीचा आवाज होता, पण होता.

आमेन झालं आणि पलीकडून भिंतीवर थाप पडली.

"आयकलं का, मास्तर?"