ट्रकला झेपेल एवढंच घर

तो सेल्समन माझ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या नवऱ्याला देत होता.

मी विचारलं, "भरल्यावर याचं वजन किती होतं?" तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "तुमचा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो. हा ट्रेलर त्याच्या कितीतरी खाली आहे." मी विचारलं, "पाण्याची टाकी भरली, गॅसचे सिलिंडर लावले, आमचे कपडे, भांडी, किराणा आत ठेवला, की किती?" तो पुन्हा नवऱ्याकडेच बघून हसला. "मिसेसना आत घेऊन जा ना. किचन दाखवा."

किचन मी आधीच बघितलं होतं. चांगलं होतं. पण मी विचारलं काय होतं आणि हा मला दाखवत काय होता! मला त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो नवऱ्याचा. तो खरोखरच मला म्हणाला, "चल, आत बघून येऊ."

हे चाकांवरचं घर, ट्रेलर, घ्यायची कल्पना माझीही होती, हे सांगायला हवं. माझ्या सासूबाई त्या वर्षी नागपूरहून सहा महिन्यांसाठी टेक्सासमध्ये प्लेनोला आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, बाहेरचं फारसं चालत नाही, आणि हायवेवरची बाथरूम म्हटलं की त्या सकाळपासून पाणी प्यायचं बंद करतात. एकदा आम्ही त्यांना ऑस्टिनला नेलं तर परत येईपर्यंत त्यांचं डोकं दुखून फुटायची वेळ आली होती. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार होती. चौघांनी मिळून एकदा मोठी ट्रिप करायची, न्यू मेक्सिकोतून वर कोलोरॅडोपर्यंत, तर आपलं स्वयंपाकघर आणि आपलं बाथरूम मागे जोडून न्यावं, हे आम्हा दोघांनाही पटलं होतं. नवऱ्याकडे पिकअप ट्रक होताच. टेक्सासमध्ये आल्यावर इथल्या बऱ्याच देशी लोकांना होतो तो आजार त्यालाही झाला होता. तो ट्रक आजवर ऑफिसच्या पार्किंगपलीकडे फारसा गेला नव्हता, काही ओढणं तर दूरच.

नवऱ्याला आवडला होता तो तीस फुटी ट्रेलर. मागे मुलीसाठी बंक, म्हणजे एकावर एक बिछाने, पुढे डबल बेड, मधे सोफा, जागा वाढवायला बाहेर सरकणारी भिंत. आम्ही घरी निघालो तेव्हा तो गाडीत म्हणाला, "तू त्या माणसासमोर माझी उलटतपासणी घेतल्यासारखं केलंस."

"तुझी नाही, त्याची."

"त्याचं रोजचं काम आहे ते. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं."

मी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. औषधाचा डोस पेशंटच्या वजनाला झेपतो का, हे बघणं माझं रोजचं काम. मी फोन करून "हा डोस जास्त आहे" म्हटलं की डॉक्टर बदलतात. सगळे खुशीने बदलत नाहीत, पण बदलतात. आणि माझ्या घरात, माझ्या नवऱ्याला, माझ्यापेक्षा तो ट्रेलर विकणारा जास्त भरवशाचा वाटत होता. मी घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला बोलता आलं नसतं, ओरडताच आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. या ट्रकमध्ये माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा त्यावर छापलेला असतो. आमच्या ट्रकवर होता चौदाशे पौंडांच्या जरासा वर. जाहिरातीतले अकरा हजार म्हणजे मागून ओढण्याचं वजन, आणि तेही ट्रकमध्ये जवळपास कुणीच नसताना. पण ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकच्या मागच्या हुकवर टेकतं आणि आपला भार ट्रकच्या पाठीवर टाकतं. भरलेल्या ट्रेलरच्या साधारण आठवा हिस्सा. तो ट्रेलर भरल्यावर आठ हजारांच्या आसपास जाणार, म्हणजे एक हजार पौंड तिथेच संपले. उरले चारशे. आम्ही माणसं चार.

मी बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून ठेवला. मुलगी म्हणाली, "मॉम, नो. दॅट्स सो वीअर्ड," आणि खोलीत निघून गेली. सासूबाई मात्र साडी सावरत काट्यावर चढल्या, आकडा मला वाचायला लावला, आणि म्हणाल्या, "माझ्या वजनाचं काय लपवायचं? दिसूनच राहिलं आहे." मुलीचं वजन मी अंदाजाने धरलं. आम्ही चौघं मिळून सहाशेच्या आसपास. अजून एकही बॅग ठेवली नव्हती.

मी नवऱ्याला दाराशी नेलं, स्टिकर दाखवला, बेरीज सांगितली. त्याने ऐकलं. खरंच शांतपणे ऐकलं. आणि मग म्हणाला, "कंपन्या असे आकडे सेफ्टीसाठी कमीच लिहितात."

मग त्याने त्याच्या मित्राला फोन लावला. हा मित्र आमच्या मराठी मंडळातला, ट्रेलरचा जुना शौकीन. फोन स्पीकरवर होता. "अरे यार, वहिनींना सांग, सगळे ओढतात. रस्त्यावर बघ जरा. कुणाचं काय झालंय?" तो म्हणाला. "माझा ट्रेलर घेऊन जा वीकेंडला. जवळपास तेवढाच आहे. ड्राइव्ह करून बघ, मग ठरव."

मी फोनच्या दिशेने म्हटलं, "तुमचा ट्रक डिझेलचा, आमच्यापेक्षा एक साइज मोठा आहे."

"वहिनी, तुम्ही फार रिसर्च करता," तो म्हणाला, आणि दोघं हसले.

मला ते हसणं अजून ऐकू येतं. रिसर्च करते म्हणे. माझी मुलगी मागच्या सीटवर बसणार होती. ती बसणार त्या ट्रकला किती भार झेपतो ते मी वाचलं होतं, याला हे दोघं रिसर्च म्हणत होते आणि हसत होते.

मी म्हटलं, मित्राचा ट्रेलर पहिल्यांदा तू एकटा ने. तो म्हणाला, आईला झोपायला जमतं का, बाथरूम जमतं का, तेच तर बघायचंय. सासूबाईंनी डबे भरून ठेवले होते. मुलगीही, कधी नव्हे ती, यायला तयार होती. त्या दोघी जाणार आणि मी रागाने घरी बसणार, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मी गेले. जायच्या आधी एक गोष्ट मात्र करून घेतली. ट्रकमध्ये, नवऱ्याच्या गुडघ्याजवळ एक छोटा खटका होता, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारा. तो कशासाठी असतो ते मी वाचलं होतं. मी त्याला दोनदा सांगितलं: ट्रेलर डोलायला लागला तर पाय ब्रेकवर नको, हा दाब. "हो गं बाई," तो म्हणाला.

आम्ही उत्तरेला ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या तळ्याकडे निघालो. निघतानाच ट्रकचं नाक वर आणि मागची बाजू खाली गेलेली दिसत होती. मॅकिनी गाव मागे पडलं तसा आडवा वारा लागला. नवरा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होता. मग डाव्या बाजूने एक अठरा चाकी ट्रक आम्हाला ओलांडून गेला.

आधी आम्ही त्याच्याकडे ओढले गेलो, मग ढकलले गेलो. मग मागून कुणीतरी आमची कंबर धरून हलवावी तसा ट्रक हलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. आरशात ट्रेलर एकदा या बाजूला दिसे, एकदा त्या. पुढची चाकं रस्ता धरतच नव्हती. मुलगी किंचाळली, "डॅड!" त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"पाय काढ!" मी ओरडले. त्याला तो खटका सापडेना. मी वाकले आणि हात घालून मीच दाबला. मागून जोराचा हिसका बसला, ट्रेलर एकदा मोठा हेलकावा खाऊन सरळ झाला. वेग कमी होत गेला. पुढचा एक्झिट आला तेव्हा आम्ही रांगत होतो. बाहेर पडल्यावर एका मोठ्या ट्रकस्टॉपच्या आवारात त्याने गाडी थांबवली.

मागे सासूबाईंनी मुलीचा हात घट्ट धरून ठेवला होता. डब्यातली कढी सांडून सगळ्या सीटखाली पसरली होती. नवऱ्याने इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता तो म्हणेल. काहीतरी म्हणेल.

तो म्हणाला, "वारा फार होता."

मी दार उघडून खाली उतरले. मी आयुष्यात कुणाला मारलेलं नाही, पण त्या क्षणी गाडीत बसून राहिले असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी त्या आवारात चालत राहिले. डिझेलचा वास, तापलेलं डांबर, आणि माझ्या तोंडून, मोठ्याने, ज्या शिव्या मी कधी दिल्या नाहीत त्या. कुणाला देत होते? नवऱ्याला, मित्राला, त्या सेल्समनला, आणि ज्यांनी अकरा हजार एवढा मोठा आकडा जाहिरातीत छापून चौदाशेचा आकडा दाराच्या फटीत लपवला, त्या सगळ्यांना.

मी परत आले तेव्हा सासूबाई खाली उतरून मुलासमोर उभ्या होत्या. नागपूरच्या घरातही मी त्यांचा इतका चढलेला आवाज ऐकला नव्हता.

"वारा होता म्हणे! वारा काय आज पहिल्यांदा सुटला? ती किती दिवसांची तुला सांगून राहिली, वजन जास्त होतंय म्हणून. माझं वजन करून बघितलं तिने. तू काय केलंस? मित्राला फोन केलास!"

"आई, अगं..."

"मी नाही बसणार यात. पोरगीही नाही बसणार."

ट्रकस्टॉपवर मोठे ट्रक तोलायचा वजनकाटा होता. मी म्हटलं, "आधी काट्यावर घे. मग काय ते बोल." तो निमूटपणे घेऊन गेला. आकडे आले. ट्रकच्या मागच्या चाकांवर, जेवढं चालतं त्याच्या कितीतरी वर भार होता. त्याने ते वाचले, चष्मा काढून पुन्हा वाचले, आणि ट्रकचं दार उघडून स्टिकर बघितला. "मी तुझं ऐकायला हवं होतं," असं शेवटी म्हणाला. मी म्हटलं, "हो." दुसरं काही म्हणायची माझी इच्छा नव्हती.

मित्र आपला डिझेल ट्रक घेऊन ट्रेलर न्यायला आला. उतरता उतरता म्हणाला, "काय रे, घाबरलास?" नवरा काही बोलायच्या आत मी पुढे झाले. "तो घाबरला नाही. मी घाबरले. माझी मुलगी मागे बसली होती. तुम्हाला तुमच्या ट्रकचा आकडा तरी माहीत आहे का?" तो म्हणाला, "वहिनी, तसं नव्हतं म्हणायचं मला." आणि साखळ्या लावायला वाकला. त्याला आकडा माहीत नव्हता.

त्यानंतर आम्ही ट्रेलर शोधला तो उलट्या बाजूने. आधी ट्रकचा आकडा, त्यातून आम्ही चौघं वजा, सामान वजा, जे उरलं तेवढाच भार ट्रकवर टाकेल असं ट्रेलरचं टोक. म्हणजे तीस फूट नाही, वीसच्या आतला. बंक नाही, सरकती भिंत नाही. टेबल खाली दुमडून त्याचाच पलंग होतो, मुलगी त्यावर आणि सासूबाई बाथरूमशेजारच्या पलंगावर. आम्हा दोघांना ट्रेलरशेजारी छोटा तंबू. दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथला माणूसही नवऱ्याकडेच बघून बोलायला लागला. नवरा म्हणाला, "तिला सांगा. ठरवणार ती आहे." मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढं एक वाक्य बोलायला त्याला आम्हा सगळ्यांचा जीव धोक्यात यावा लागला होता.

ट्रिप झाली. न्यू मेक्सिकोत पांढऱ्या वाळूच्या टेकडीवरून घसरायला मुलीने आजीला प्लास्टिकच्या तबकडीवर बसवलं. कोलोरॅडोच्या उतारांवर आम्ही आलटून पालटून गाडी चालवली, आणि ट्रेलर मागे सरळ येत राहिला. सासूबाईंनी पिठलं केलं, दिवसभर पोटभर पाणी प्यायल्या. त्या ट्रिपचे फोटो बघून मला आनंद होतो. पण रस्त्यावर दर तासाला एखादा ट्रक दिसे, नाक आभाळाकडे, मागे लांबच लांब ट्रेलर, आणि मागच्या काचेतून हात हलवणारी मुलं. मी हात हलवत नसे. मी त्या ट्रकची दबलेली मागची चाकं बघत असे.

सासूबाई परत गेल्या, मुलगी कॉलेजला गेली. दिवाळीला मंडळातल्या एका घरी जमलो होतो. तिथे एका नव्या जोडप्याला ट्रेलर घ्यायचा होता, आणि माझा नवरा त्यांना समजावत होता. "आम्ही काय केलं, आधी दारावरचा स्टिकर बघितला. आम्ही सगळ्यांची वजनं केली. आम्ही ठरवलं की..."

मी चकलीची प्लेट खाली ठेवली. "आम्ही म्हणजे कोण?"

लोक हसले. त्यांना ती नवरा-बायकोची नेहमीची गंमत वाटली. मी हसले नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, थांबला, आणि त्या जोडप्यातल्या नवऱ्याला म्हणाला, "हिने केलं. मी ऐकलं नव्हतं. आईला आणि मुलीला घेऊन हायवेवर गेलो होतो." हसणं थांबलं.

पुढच्या आठवड्यात त्या जोडप्यातल्या बाईने मला फोन केला. ती ट्रकच्या दाराशी उभी होती. "ताई, तो स्टिकर मिळाला," ती म्हणाली. "पण माझे मिस्टर म्हणतायत, कंपन्या असे आकडे कमीच लिहितात."

"त्यांना फोन दे," मी म्हटलं.