एक रेघ की दोन

खड्यांच्या बाजारात तिला सगळे फिरवाबाई म्हणत. खडा कोणाचाही असो, तो फिरवून पाहिल्याशिवाय ती त्याचं नाव सांगत नसे. "सांगून आलेली स्थळंही हिने अशीच फिरवून बघितली असणार," खालच्या मजल्यावरचा दलाल म्हणायचा, "म्हणून तर सगळी घेरी येऊन पळाली." तिच्या कानावर ते आलंच. "एक-दोन टिकली होती," ती म्हणाली, "पण ती काचेची निघाली."

माडीवरच्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीत ती राही आणि पुढच्या खोलीत काम करी. टेबलावर कंपासपेटीएवढा रिफ्रॅक्टोमीटर. प्रकाश खड्यात शिरताना किती वाकतो, एवढंच ते यंत्र सांगतं. त्याच्या काचेवर कुजक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या द्रवाचा एक थेंब टाकायचा, त्यावर खडा पालथा ठेवायचा, झाकण लावून डोळा लावायचा. आत पट्टीवर सावलीची एक रेघ दिसते. ती जिथे थांबते तो खड्याचा आकडा.

नवख्याला वाटतं, झालं काम. पण माणिकही लाल आणि त्याहून कितीतरी स्वस्त असलेला तामडाही लाल, आणि काही तामड्यांचा आकडा थेट माणकाच्या आकड्यावर जाऊन बसतो, पावणेदोनच्या जरासा पुढे. तिथे आकडा बघून भागत नाही. माणिक काचेवर हळूहळू फिरवलं, की एका रेघेच्या दोन होतात, मध्ये केसभर अंतर. तामडा दिवसभर फिरवा, रेघ एकच.

त्या दुपारी तिची थोरली बहीण धापा टाकत जिना चढून आली. नातीचं लग्न ठरलं होतं आणि आईची अंगठी नव्या कोंदणात बसवून तिला द्यायची होती. सोनाराने लाल खडा काढून पुडीत बांधला आणि सांगितलं, आधी पारख्याची चिठ्ठी आणा, मग बसवतो.

"म्हटलं, घरचीच पारखी असताना परक्याकडे कशाला जायचं?" ताईने पुडी टेबलावर ठेवली. "लिही पटकन. माणिक आहे हे तर तूच सांगितलंयस."

सांगितलं होतं खरं. आईच्या मागे दोनच वस्तू उरल्या होत्या, ही अंगठी आणि या दोन खोल्या. धाकटी तेव्हा एका पारख्याकडे कामाला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. तिने अंगठी यंत्रावर पालथी घातली, आकडा वाचला आणि छाती फुगवून सांगितलं, माणिक! मग दोन्ही वाटे सारखेच धरून थोरलीने अंगठी घेतली आणि खोल्या धाकटीला दिल्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय! खडा फिरवायचा असतो, हे तिला त्यानंतर वर्षभराने कळलं.

आता न बघताच माणिक लिहावं, असं तिच्या मनात आलं. ताईने संशयही घेतला नसता. पण सवयीने हात थेंबाकडे गेलाच. तिने डोळा लावला. एक रेघ. खडा पाव फेरा फिरवला, अर्धा फिरवला, पूर्ण फिरवला. रेघ एकच होती.

"तामडा आहे, ताई."

ताई हसली. मग हसायची थांबली. "तेव्हाही तामडाच होता?"

"खडा बदलत नाही. चूक माझी होती. फिरवून बघितला नव्हता."

"चुकते माणसाची नजर." ताईने पदराने मान पुसली. "पण इतकी वर्षं गावभराचे खडे फिरवत बसलीस. माझा हात दर सणासमारंभाला तुझ्यासमोर होता. कधी म्हणाली नाहीस, ताई, जरा काढ गं अंगठी."

आता थाप मारून चालणार नव्हतं. "फिरवायला शिकले त्याच दिवशी शंका आली होती," ती म्हणाली. "विचारायची भीती वाटली. या खोल्या जातील म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदाच ती हे मोठ्याने बोलली होती, आणि तिला त्याची लाज वाटली. ताई बराच वेळ खोलीकडे बघत राहिली. भिंतीकडे, खिडकीकडे, मागच्या दाराकडे.

"लिही चिठ्ठी," ती शेवटी म्हणाली. "तामडाच लिही. नातीला खोटं सांगून काही द्यायचं नाही मला. फक्त तारीख आजची घालू नकोस. तुला शंका आली त्या दिवशीची घाल."

फिरवाबाईने पेन उचललं. ती तारीख आठवायला तिला क्षणभरही थांबावं लागलं नाही, आणि ते ताईने पाहिलं.