नाचरी अक्षरे

आमच्या देवळाच्या दारातील फळ्यावर रोज एक सुभाषित अर्थासह लिहिण्याचा नेम माझ्याकडे आहे. मी आठ दिवस परगावी होतो, तेव्हा सुनेने हाताने रेखाटलेल्या आपल्या नव्या फाँटमध्ये छापलेले कागद तेथे लावले. वेलांट्या पतंगाच्या शेपटीसारख्या उडत होत्या, उकार पाय हलवीत बसले होते. अक्षराला ब्रह्म मानणाऱ्या मला ती थट्टा वाटली.

"देवाच्या दारी अक्षरांनी नाचू नये," असे म्हणून मी शेवटचा कागद उतरविला आणि नेहमीच्या वळणदार अक्षरांत लिहिले. सुनेने तो कागद घडी करून जपून ठेवला.

दुसऱ्या सकाळी फुले विकणाऱ्या चंद्राबाई फळ्यापाशी आल्या. उतारवयात त्या नुकत्याच वाचायला शिकल्या आहेत. ओळीखालून फिरणारे त्यांचे बोट मध्येच अडले.

"गुरुजी, ती अक्षरं कुठं गेली?"

"का? ही सुबक नाहीत?"

"लई सुबक हायेत. देवावानी, लांबून हात जोडावेत अशी. पण ती मला हाका मारायची, म्हणून मी वाचत हुते."

जन्मभर मी अक्षरांची पूजा केली, पण त्यांना कोणाला हाक मारू दिली नाही. घरी येऊन सुनेकडे तो कागद मागितला, तेव्हा माझी मान वर झाली नाही.